‘आयलंड ऑफ द ब्लू डॉल्फिन्स’ मुलांसोबत कसं अभ्यासायचं

कॅलिफोर्नियात चौथीला राज्याचा इतिहास असतो आणि त्याच सुमारास बऱ्याच शाळांमध्ये स्कॉट ओडेलचं हे पुस्तक वाचायला देतात, त्यामुळे तिकडच्या मराठी घरांमध्ये दरवर्षी कुणाचा तरी बुक रिपोर्ट अडलेला असतो आणि आईबाबा विचारत असतात की हे नक्की करून कसं घ्यायचं. पुस्तक १९६० चं, १९६१ मध्ये न्यूबेरी मेडल (अमेरिकेतला बालसाहित्याचा मोठा पुरस्कार) मिळालेलं, चॅप्टर २९ पण छोटे छोटे, भाषा साधी. इतकी साधी की मूल दोन-तीन दिवसात संपवून टाकतं, आणि मग "काय समजलं?" विचारलं की म्हणतं, "एक मुलगी बेटावर एकटी राहिली." बस्स.

माझं मत आधीच सांगते. बहुतेक वर्कशीटमध्ये यातून फक्त सर्व्हायव्हल काढून घेतात, म्हणजे पाणी कुठून आणलं, घर कशाचं केलं, हत्यारं कशाची. हे सगळं पुस्तकात भरपूर आहे आणि मुलांना आवडतंही, ते करायचंच. पण अभ्यास तिथंच थांबला तर पुस्तक हातातून निसटतं, कारण कराना, म्हणजे तिचे लोक बेट सोडून गेल्यावर मागे राहिलेली ती मुलगी, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच गोष्ट परत परत ठरवत असते, की आपलं कोण आणि परकं कोण. आणि तिचं उत्तर बदलत जातं. ते कुठे कुठे बदललं हे मुलाला पानावर बोट ठेवून दाखवता आलं की अभ्यास झाला असं मी धरते.

सुरुवातीला पेन्सिल, हायलायटर काही हातात द्यायचं नाही. नुसतं वाचायचं, शक्य असेल तर रात्री दोन-तीन चॅप्टर मोठ्याने, एक तुम्ही एक मुलाने. एक मात्र सांभाळा, चौथ्या चॅप्टरच्या आसपास वडील मारले जातात आणि आठव्यापर्यंत सहा वर्षांच्या भावाचा, रामोचा, जंगली कुत्रे जीव घेतात, त्यामुळे हळवं मूल असेल तर तो भाग झोपायच्या वेळी घेऊ नका, दुपारी घ्या आणि नंतर थोडं बोला. काही मुलं तिथं पुस्तक बंद करतात. जबरदस्ती न करता "पुढे एक कुत्राच तिचा सगळ्यात जवळचा होतो" एवढं सांगितलं तरी चालतं, गोष्ट फुटत नाही, उलट मूल विचार करतं की असं कसं होईल.

दुसऱ्या वाचनाला नकाशा. कराना स्वतःच बेटाचा आकार सांगते, कुशीवर पडलेल्या डॉल्फिनसारखं, शेपटी उगवतीकडे आणि नाक मावळतीकडे, लांबी दोन लीग आणि रुंदी एक लीग (लीग म्हणजे अंतराचं जुनं माप). मोठ्या कागदावर मुलाला तसा डॉल्फिन काढू दे आणि वाचता वाचता त्यात घालासात गाव, कोरल कोव्ह, तिचं घर, कुत्र्यांची गुहा, पाण्याचे झरे असं भरत जायचं. कुठली जागा नक्की कुठे यावर वाद होणार, होऊ द्या, कारण वाद मिटवायला मूल परत पुस्तक उघडतं आणि तुम्हाला तेच हवंय. मग खऱ्या नकाशावर सॅन निकोलस बेट शोधायचं. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून साधारण शंभर किलोमीटर समुद्रात, चॅनल आयलंड्स म्हणून जी आठ बेटं आहेत त्यातलं एक. आज ते अमेरिकन नौदलाकडे आहे, सहल काढून जाता येत नाही, हे मुलाला आधीच सांगा नाहीतर हट्ट ठरलेला.

आता मुख्य काम. एक वही घ्या आणि तिला नाव द्या "मोडलेले नियम". करानाच्या लोकांमध्ये बायकांनी हत्यार बनवायचं नाही असा नियम असतो, बनवलं तर चारी दिशांनी वारे येतील, जमीन हादरेल, समुद्र चढून येईल आणि ऐन संकटात ते हत्यार मोडेल अशी भीती घातलेली असते. रामो गेल्यावर ती आधी गावात तयार हत्यारं शोधते, सापडत नाहीत, मग घाबरत घाबरत स्वतः बनवते. इथं मुलाला विचारायचं की नियम मोडायच्या आधी तिने काय काय करून बघितलं. हे महत्त्वाचं आहे, कारण मुलं पटकन लिहितात "ती शूर होती म्हणून तिने नियम मोडला", आणि पुस्तकात तसं नाहीये, ती त्या रात्री भीत असते. पुढे शेवटाकडे भूकंप आणि मोठी लाट दोन्ही येतात, तेव्हा हे पान परत उघडून बघायचं की त्या जुन्या भीतीबद्दल ती आता काय म्हणते आणि काय म्हणत नाही.

त्याच भागात मण्यांच्या पेटीचा प्रसंग आहे. अ‍ॅल्यूट, म्हणजे अलास्काकडचे, शिकारी आणि त्यांचा रशियन कॅप्टन ऑर्लोव्ह पाणमांजरांच्या कातड्यांच्या बदल्यात माळा-मणी देणार असतात, मोबदला कमी दिला म्हणून भांडण पेटतं आणि त्यात करानाचे वडील आणि गावातले बहुतेक पुरुष मरतात, बेचाळीसातले पंधराच उरतात आणि त्यातही सात म्हातारे. ती पेटी किनाऱ्यावरच राहिलेली असते. एकटी असताना करानाला ती सापडते, ती मणी अंगावर घालून बघते, आणि मग सगळं नेऊन खोल पाण्यात टाकून देते. अर्ध्या पानाचा प्रसंग आहे, वर्कशीटमध्ये सहसा येत नाही, पण माझ्या मते यावर अख्खा एक तास द्यावा. का घातले असतील? मग का टाकले असतील? आणि हत्यार सापडलं असतं तर तेही टाकलं असतं का? मुलांची उत्तरं ऐकण्यासारखी असतात.

मग प्राण्यांचं पान. चार खाने करायचे, प्राणी, आधी ती त्याच्याशी कशी वागली, नंतर कशी, आणि मध्ये काय घडलं. सगळ्यात मोठी नोंद रोंटूची होणार. रामोला मारणाऱ्या टोळीचा तो म्होरक्या, ती सगळ्या कुत्र्यांना मारायची शपथ घेते, त्याला बाण मारते, आणि तो जखमी पडलेला दिसल्यावर दुसरा बाण लावूनही सोडत नाही, उचलून घरी आणते. का, ते ती सांगतच नाही! लेखकाने मुद्दाम कारण दिलेलं नाही, त्यामुळे इथं मुलाला "बरोबर उत्तर" शोधायला लावू नका, "तुला काय वाटतं आणि पुस्तकातलं काय वाचून वाटतं" एवढंच. मग पाणमांजर, जे शिकाऱ्यांच्या तडाख्यातून जखमी होऊन वाचलं आणि तिने मासे देऊन बरं केलं, तिने नाव दिलं नर समजून आणि नंतर पिल्लं दिसल्यावर नाव बदललं. समुद्री हत्तीचा प्रसंग पण घ्या, त्याचे दात भाल्यासाठी हवे म्हणून ती मारायला जाते आणि मारणं जमतच नाही, दोन नरांच्या झुंजीत मेलेल्याचे दात तिला नंतर मिळतात. आणि शेवटी तो निर्णय की आता पाणमांजर, पाणकावळा, सील यांना मारायचं नाही. तिला माहीत असतं की बहीण उलापे हसली असती, वडील तर सगळ्यात जास्त. हे वाक्य मुलाकडून शोधून घ्या, कारण तिथं कळतं की ती आपल्या लोकांवर प्रेम करत करतच त्यांच्यापासून वेगळी झालीये.

टुटॉकचे चॅप्टर घाईत उरकू नका. ज्यांनी वडिलांना मारलं त्या लोकांमधली एक मुलगी बेटावर येते, कराना आधी लपते, भाला हातात धरते, मग ती मुलगी काळ्या दगडांची माळ ठेवून जाते. भाषा कळत नाही, वस्तू दाखवून शब्द शिकतात. आणि एक दिवस कराना तिला आपलं खरं, गुप्त नाव सांगते. पहिल्या चॅप्टरमध्ये वडिलांनी गुप्त नाव परक्याला सांगितलं म्हणून त्यांची ताकद गेली असं लोक मानत होते, म्हणजे नाव सांगणं किती मोठी गोष्ट आहे ते वाचकाला माहीत असतं. हे दोन प्रसंग जोडले तर बुक रिपोर्टचा एक पूर्ण परिच्छेद तयार होतो, आणि मुलाने ते स्वतःहून जोडलं तर त्या दिवशी बाकी काही नाही केलं तरी चालेल.

वेळेचं एक छोटं काम, ती आधी चंद्र मोजते, नंतर फक्त ऋतू, मग तेही सोडते. कुठल्या घटनेनंतर मोजणं बदललं ते टाइमलाइनवर लावायचं.

इतिहास सगळ्यात शेवटी. आधी सांगितला तर मुलं कादंबरीला बातमी समजून वाचतात. निकोलेन्यो, म्हणजे या बेटाच्या मूळ रहिवासी, लोकांमधली एक बाई १८३५ मध्ये बेटावर मागे राहिली, आणि १८५३ मध्ये जॉर्ज निडेव्हर नावाच्या शिकाऱ्याच्या माणसांना सापडली, म्हणजे अठरा वर्षं. पाणकावळ्याच्या पिसांचा झगा तिच्या अंगावर होता. तिला सांता बार्बराला आणलं, निडेव्हरच्याच घरी ती राहिली, आणि सात आठवड्यांत आजाराने गेली. मरताना तिथल्या मिशनच्या (कॅथलिक धर्मकेंद्राच्या) पाद्र्याकडून तिला हुआना मारिया नाव दिलं गेलं, तिचं स्वतःचं नाव कुठेच नोंदलेलं नाही. कराना हे नाव, रामो, टुटॉक, हे ओडेलचं. ती बाई सापडली तेव्हा चांगली प्रौढ होती, मागे राहिली तेव्हाही बारा वर्षांची मुलगी नव्हती. एका कागदावर मधोमध रेघ मारून एकीकडे "इतिहासात आहे" आणि दुसरीकडे "लेखकाने घातलं" अशी विभागणी करून घ्या, हेच बऱ्याच टीचरना हवं असतं.

यात दोन गोष्टी जरा जपून सांगा. एक म्हणजे बेट सोडून गेलेले तिचे सगळे लोक बुडाले असं पुस्तक वाचून वाटतं, पण अभ्यासकांनी मिशनच्या नोंदी तपासल्या तेव्हा लॉस एंजेलिसच्या भागात त्यातले काही जण राहत होते हे समोर आलंय. दुसरं, अ‍ॅल्यूट शिकारी पुस्तकात बहुतेक वेळा नुसते क्रूर दिसतात. १८१४ च्या सुमाराला रशियन कंपनीच्या जहाजावरून आलेल्या अलास्काच्या शिकाऱ्यांनी या बेटावर खरंच खूप माणसं मारली, पण त्या शिकाऱ्यांनाही रशियन लोकांनी अनेकदा जबरदस्तीनेच कामाला लावलेलं असायचं. मोठ्या मुलाला हे नक्की सांगा, सातवी-आठवीचं मूल यावर छान लिहू शकतं. आणि प्लीज, प्रोजेक्ट म्हणून डोक्याला पिसं बांधून "इंडियन ड्रेस" करायला देऊ नका. या बेटाशी नातं सांगणारे लोक आज आहेत, २०१२ मध्ये त्या बाईची असावी अशी गुहा सापडल्याचं जाहीर झालं आणि नंतर पेचांगा या दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मूळनिवासी लोकांच्या आक्षेपामुळे तिथलं खोदकाम थांबवलं गेलं. कुणाचे तरी पूर्वज आहेत ते.

प्रोजेक्टच हवा असेल तर पाणमांजर घ्या. कातड्याच्या व्यापारात कॅलिफोर्नियाची समुद्री पाणमांजरं जवळजवळ संपली होती, आणि १९८७ ते १९९० मध्ये सुमारे १४० पाणमांजरं पकडून नेमकी याच सॅन निकोलस बेटाजवळ सोडली. बरीचशी पोहत परत निघून गेली, काही मेली, थोडी टिकली आणि त्यांची वस्ती पुढे वाढली. ज्या पाण्यात करानाने शिकार बघितली तिथंच हे घडलं, त्यामुळे पोस्टरला आपोआप अर्थ येतो.

लिहिण्याबद्दल थोडं. चर्चा घरात मराठीतच करा, आजीला व्हिडिओ कॉलवर अख्खी गोष्ट सांगायला लावा, आजी मध्येच "अरे पण तिने बोटीने जायचा प्रयत्न नाही का केला?" असं विचारणारच, आणि मग मूल गळक्या होडीचा आणि परत येताना सोबत पोहणाऱ्या डॉल्फिन्सचा प्रसंग रंगवून सांगतं. सांगून झालेलं लिहायला सोपं जातं, मग ते इंग्लिशमध्ये का असेना. उत्तर लिहिताना मुलाला तीनच गोष्टी विचारा: तिने काय केलं, कुठल्या चॅप्टरमध्ये, आणि आधी ती असंच वागली असती का. "करानाचा स्वभाव कसा होता" हा प्रश्न आला तर विशेषणांची रांग नको, शूर, हुशार, दयाळू असं लिहून मार्क मिळतात पण डोक्यात काही राहत नाही. "कराना सूड घ्यायचा कधी सोडते" असा प्रश्न स्वतः तयार करून द्या, त्यात रोंटूही येतो, टुटॉकही येते.

शेवटच्या दोन चॅप्टरसाठी एक यादी करून घ्या, बेट सोडताना तिने काय बरोबर घेतलं, काय अंगावर घातलं, आणि खलाशांनी तिला काय घालायला लावलं. चेहऱ्यावर ती एक खूण काढते, तीच खूण उलापेने जहाजावर चढताना काढली होती, त्याचा अर्थ काय ते मुलाला मागे जाऊन शोधू दे, तुम्ही सांगू नका.

पुस्तक आवडलं तर मुलं पुढचं मागतात, ‘झिया’ नावाचा पुढचा भाग १९७६ चा आहे, करानाच्या भाचीचा. तो अभ्यास संपल्यावरच द्या, आणि लहान मूल असेल तर एखादं वर्ष थांबूनच, कारण त्यात मिशनमध्ये आलेल्या करानाचं जे होतं ते बरंच जड आहे, आणि पहिल्या पुस्तकाचा रिपोर्ट लिहून व्हायच्या आत ते वाचलं तर दोन्ही शेवट एकमेकांत मिसळतात.