जपानी लिपी शिकवायला घेताय? आधी शीटचा फॉन्ट बघा

जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेतलं एनथ्री झालं (एनफाइव्ह सगळ्यात सोपी पातळी, एनवन सगळ्यात अवघड), एनटूची तयारी चालू आहे आणि कोणीतरी विचारलं की शनिवार-रविवारची बिगिनर बॅच घेशील का, अशांसाठी लिहितेय. पुण्यात खूप जणांची सुरुवात अशीच होते, माझीही तशीच झाली. उच्चारांचं फार टेन्शन घेऊ नका. आ-इ-उ-ए-ओ, का-सा-ता-ना हा क्रम आपल्या मुलांना पटकन बसतो, कारण तो संस्कृत अभ्यासणाऱ्या बौद्ध भिक्षूंमुळे तिकडे रुजला, आपल्या वर्णमालेच्याच घरातला. 'त्सु'साठी चुलीतला च आहेच. गाडी अडते ती लिहिताना.

माझी अडली फॉन्टवर. पहिल्या बॅचला वर्डमध्ये शीट्स करून दिल्या आणि जो फॉन्ट आपोआप आला तोच ठेवला. तिसऱ्या आठवड्यात वह्या तपासायला घेतल्या तर 'सा' आणि 'की' सगळ्यांचे एका ओढीत काढलेले. हाताने लिहिताना 'सा'चे तीन स्ट्रोक, 'की'चे चार, तिरकी रेघ संपली की पेन उचलायचं आणि खालची वाटी वेगळी काढायची. छापील फॉन्टमध्ये मात्र ती वाटी रेघेला चिकटलेली असते. मी लाल पेनाने गोल करत सुटले, तेव्हा एक जण शांतपणे म्हणाला, "सेन्सेई, पण तुमच्या शीटवर असंच आहे ना." खरंच होतं त्याचं. पोरांनी ऑफिस सांभाळून पानंच्या पानं गिरवली होती आणि ते वळण मीच दिलेलं. अजून आठवलं की पोटात कालवतं.

कांजीत, म्हणजे चिनीतून जपानीत आलेल्या अक्षरांत, तर याहून वाईट. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या कोडयादीत, बऱ्याच चिनी आणि जपानी अक्षरांना एकच कोड आहे, त्यामुळे मजकुराची भाषा जपानी सेट केली नसेल तर कॉम्प्युटर चिनी फॉन्ट लावून मोकळा होतो. 'इमा' म्हणजे आत्ता, एनफाइव्हचीच कांजी. तिच्या छपराखाली जपानीत आडवी रेघ असते, चिनी फॉन्टमध्ये तिथे तिरका ठिपका येतो. आपल्याकडे मोबाइलवर हिंदी वळणाचे ल आणि श दिसतात ना, अगदी तसंच. वाचताना काही अडत नाही, पण पहिलीतल्या मुलाला तो ल गिरवायला द्याल का?

म्हणून शीट क्योकाशो वळणातच करा, म्हणजे जपानी शाळेच्या पुस्तकांतलं. विंडोज १० मध्ये जपानीचे जादा फॉन्ट टाकले की 'यूडी डिजिटल क्योकाशो' मिळतो, पैसे लागत नाहीत.

एकच अक्षर शंभर वेळा लिहायला लावणारे सर-मॅडम मला पटत नाहीत, स्पष्टच सांगते. तिसऱ्या ओळीपासून मुलं वरचा नमुना बघतच नाहीत, स्वतःचंच आधीचं अक्षर बघून काढतात आणि चूक पक्की होते. पाच वेळा लिहा, पण प्रत्येक वेळी नमुना बघून. हवेत बोटाने काढून दाखवणार असाल तर वर्गाकडे पाठ करा, नाहीतर समोरच्यांना सगळं उलटं दिसतं.

आणि घाबरूही नका. तुमचं स्वतःचं अक्षर सुंदर नसलं तरी चालतं. रेघेच्या टोकाचा हुकसारखा बाक, म्हणजे 'हाने', आला नाही म्हणून लगेच लाल खूण करू नका, जपानच्या सांस्कृतिक व्यवहार विभागानेच २०१६ मध्ये मार्गदर्शिका काढून असे बरेच फरक चालतात म्हणून सांगितलंय. पण जिथे अर्थ बदलतो तिथे अजिबात सोडायचं नाही. माती आणि सामुराई या दोन कांजींत फरक एवढाच की मातीची खालची रेघ लांब आणि सामुराईची वरची.

जेएलपीटीत हाताने लिहायचं काहीच नसतं मग कशाला, हे प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी विचारणारच. मी सांगते की हाताने काढली की कांजीचे भाग वेगवेगळे दिसायला लागतात, मग सारख्या दिसणाऱ्या चार पर्यायांत गोंधळ कमी होतो. माझं स्वतःचं तसंच झालं, एनफोरला मी नुसत्या अ‍ॅपवर होते आणि तिथेच अडकले होते.

आता नवीन शीट प्रिंट केली की झेरॉक्सला द्यायच्या आधी पेन्सिलने एकदा स्वतः गिरवते. 'सा'मध्ये ती फट दिसली की मगच वीस कॉपी.