होम स्टुडिओतली यूएसबी जोडणी : या चुका टाळा

ऑडिओ इंटरफेस (माइक आणि वाद्यांचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा-आणणारा डबा), मिडी कीबोर्ड (कोणती कळ दाबली ते कॉम्प्युटरला कळवणारा), पॅड कंट्रोलर, सॉफ्टवेअरच्या लायसन्सचा डोंगल, सॅम्पल लायब्ररीची एक्स्टर्नल ड्राइव्ह, माउस. लॅपटॉपला पोर्ट मात्र दोनच. मग हब, म्हणजे एका पोर्टचे अनेक करणारा डबा, येतो, त्या हबला दुसरा हब लागतो आणि ऐन टेकमध्ये टकटक ऐकू येते. पहिला संशय बँडविड्थवर, म्हणजे जोडणीतून सेकंदाला किती डेटा जाऊ शकतो त्यावर, जातो. बहुतेक वेळा तिचा काही दोष नसतो.

हिशेब करून बघा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला एका चॅनेलला सेकंदाला साधारण १.१५ मेगाबिट लागतात. १६ चॅनेल धरले तरी साडेअठराच्या आसपास; यूएसबी २.० ची क्षमता ४८० मेगाबिट. खरी अडचण वेळेची आहे. ड्राइव्हवर फाइल कॉपी होताना एखादा तुकडा बिघडला तर तो पुन्हा मागवला जातो. ऑडिओत ती सोय नाही. चुकलेला तुकडा गेला तो गेलाच, आणि तोच 'टक्' म्हणून ऐकू येतो. म्हणून इंटरफेस हबवर लावू नका. त्याला कॉम्प्युटरचा स्वतंत्र पोर्ट द्या, बाकीच्यांनी हब वाटून घ्यावा.

अडॅप्टर नसलेला हब

सगळ्यात जास्त त्रास इथूनच होतो. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० चा पोर्ट ९००. पोर्टवरच पोसलेला चार तोंडांचा साधा २.० हब प्रत्येक तोंडाला नियमाप्रमाणे फक्त १०० मिलिअँपिअर देऊ शकतो. दिव्यांनी लखलखणारा पॅड कंट्रोलर तेवढ्यावर भागवणार कसा? लक्षणं फसवी असतात: कीबोर्ड सुरू होतो, तासभर चालतो आणि सगळे पॅड एकदम उजळले की गायब होतो. लोक ड्रायव्हर पुन्हा टाकत बसतात. स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्या आणि तो अडॅप्टर खरोखर लावा. खोक्यातच पडून राहिलेले अडॅप्टर काही कमी नाहीत.

'३.० चा हब घेतला, आता प्रश्न मिटला'

मिटत नाही. ३.० हबच्या आत प्रत्यक्षात दोन हब असतात, एक ३.० चा आणि एक २.० चा, दोघांच्या तारा वेगळ्या. मिडीची बहुतेक उपकरणं २.० किंवा त्याहून जुन्या वेगाची असतात, त्यामुळे ती सगळी जुन्याच वाटेने जातात. शिवाय ३.० ची ड्राइव्ह आणि तिची केबल २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतात. वायरलेस माउस अडखळत असेल तर त्याचा रिसीव्हर छोट्या एक्स्टेन्शनने ड्राइव्हपासून दूर न्या.

रोज वेगळा पोर्ट

विंडोजमध्ये कीबोर्ड दुसऱ्या पोर्टला लावला की बरेचदा तो नवा समजला जातो आणि नावामागे '२-' लागतं. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर जुन्या नावाच्या शोधात, तुम्ही कळा बडवताय, आवाज नाही. प्रत्येक पोर्टला आणि केबलला चिठ्ठी चिकटवा. दिसायला बावळट, पण उपाय पक्का.

विंडोजमध्येच पॉवर प्लॅनच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमधलं 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक रूट हबच्या (कॉम्प्युटरच्या आतल्या मूळ हबच्या) पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू देणारी खूणही काढा. थोडा वेळ न वाजवलेला कीबोर्ड झोपी जाण्यामागे बहुधा हेच असतं.

आणि 'एका यूएसबी कंट्रोलरवर (पोर्ट सांभाळणाऱ्या चिपवर) १२७ उपकरणं चालतात' या आकड्यावर विसंबू नका. प्रत्येक उपकरण कंट्रोलरमध्ये अनेक एंडपॉइंट (डेटा येण्याजाण्याच्या वाटा) अडवतं, हबसुद्धा. इंटेलच्या बऱ्याच कंट्रोलरांची मर्यादा ९६ एंडपॉइंटची आहे. विंडोजने 'यूएसबी कंट्रोलरची साधनं अपुरी' अशा अर्थाचा संदेश दिला, तर नवा हब घेऊन भागणार नाही. डेस्कटॉपला वेगळं पीसीआय एक्स्प्रेस यूएसबी कार्ड लागेल. ते शक्य नसेल तर काही उपकरणं ३.० ऐवजी २.० पोर्टवर हलवून बघा. काही मशीनवर तेवढ्याने काम होतं.

केबलबद्दल एवढंच: २.० ला ५ मीटरच्या पुढे जाऊ नका, आणि फक्त चार्जिंगच्या केबली स्टुडिओबाहेर ठेवा.

बिघाड शोधताना सगळं काढा, फक्त इंटरफेस ठेवून वाजवा, मग एकेक जोडत जा. मॅकवर सिस्टिम इन्फॉर्मेशनमध्ये आणि लिनक्सवर 'lsusb -t' कमांडने कोण कोणाच्या पोटात बसलंय ते दिसतं. टकटक नसून सलग गुणगुण असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. गुणगुण थांबली तर ती ग्राउंड लूपची, म्हणजे उपकरणं एकापेक्षा जास्त वाटांनी अर्थिंगला जोडली गेल्याची. मग हब बदलू नका, इंटरफेसपासून स्पीकरपर्यंत बॅलन्स्ड केबल (बाहेरचा गोंगाट खोडून काढणारी) टाका.