तान्ह्याला घेऊन खजराण्याला निघण्याआधी

सव्वा महिना सरला की आमच्याकडे इंदुरात मोठी माणसं विषय काढतातच: बाळाला खजराण्याच्या गणपतीच्या पायावर घालून आणा. जायला हरकत नाही, पण वार आपण निवडायचा. बुधवारी आणि चतुर्थीला तिथे मुंगीलाही शिरायला वाट नसते, तेव्हा मधला एखादा साधा दिवस, सकाळची वेळ. त्याआधी लसीकरणाचं कार्ड काढून बघायचं. बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस बी जन्मताच झालेलं असतं. ६ आठवड्यांना पेंटाव्हॅलंटचा, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्र लसीचा, पहिला डोस, ज्यात डांग्या खोकल्याचीही लस असते. गर्दीतलं दर्शन जमल्यास या डोसनंतरच. एका डोसने पुरतं संरक्षण मिळत नाही, पुढचे १० आणि १४ आठवड्यांना असतात, म्हणून तोवर बंद हॉलमधली लग्नं आणि मॉल टाळलेले बरे. मेघदूत उपवनात झाडाखाली बसायला मात्र कशाचीच वाट बघायला नको. श्वासातून पसरणारे जंतू मोकळ्या हवेत पांगतात.

पिशवी हलकी हवी. दोन-तीन डायपर, कपड्यांचा एक जोड, मलमलचा मोठा तुकडा, तोंड बंद होणारी पिशवी आणि किमान ६० टक्के अल्कोहोल असलेलं सॅनिटायझर. ते आपल्या हातांसाठी. चोळून पूर्ण वाळलं की मग बाळाला हात लावायचा. शी काढली असेल किंवा हात मळलेले दिसत असतील तर त्यावर भागत नाही, आणि जुलाबाचे काही विषाणू त्याला दादच देत नाहीत. तिथे कागदी साबण, पाण्याची बाटली आणि वीसेक सेकंद चोळणं. बाळासाठी मास्क घ्यायचा नाही, दोन वर्षांच्या आत तो गुदमरवू शकतो. हवेत फवारायचे स्प्रेही घरीच राहू देत.

खरी तयारी माणसांची करायची असते. ओटा, रेलिंग, ट्रॉलीचा दांडा यांनी आपली झोप उडते. बाळाला आजार येतो तो बहुतेकदा सर्दी झालेल्या, प्रेमाने वाकलेल्या माणसाच्या हातातून आणि श्वासातून. आपल्याला साधी सर्दी देणारा विषाणू तान्ह्याच्या छातीत उतरू शकतो. ओठाच्या कडेला पाण्याचे फोड आलेल्या माणसाने नवजात बाळाचा पापा घेतला तर ते जिवावर बेतू शकतं, हे तर फार थोड्यांना माहीत असतं. म्हणून वाक्यं घरीच पाठ करून निघायचं. ‘काकू, आधी हात धुता का? मग मांडीवरच देते.’ ‘आत्या, डॉक्टरांनी तोंडाचा पापा नको म्हटलंय, पायाचा घ्या.’ डॉक्टरांचं नाव पुढे केलं की कोणी रुसत नाही. मी हे बिनदिक्कत करते. सासरच्यांना मुलाने सांगायचं, माहेरच्यांना मुलीने, हे निघण्याआधीच ठरवून टाकावं. नाहीतर गाभाऱ्यासमोर नवरा फोटो काढत राहतो आणि वाईटपणा सुनेच्या पदरी येतो. पंचामृताचा थेंब बाळाच्या ओठाला लावायला कोणी ना कोणी पुढे होतंच. त्यात मध असतो, आणि वर्षाच्या आत मध नाहीच, कारण त्यातल्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी विषबाधा, होऊ शकतो. तीर्थ आपण घ्यायचं, बाळाच्या कपाळाला हात लावायचा, विषय संपला.

भूक लागली तर गाडीत किंवा ओढणी घेऊन पाजायचं. आपल्याला सर्दी असली तरी पाजणं थांबवायचं नाही. मास्क लावायचा, हात धुवायचे. त्याच जंतूविरुद्ध आपल्या शरीरात तयार होणारी प्रतिपिंडं दुधातून बाळाला मिळतात.

काही गोष्टींवर आधीच काट मारून ठेवायची. घरी आल्यावर बाळाला पुन्हा अंघोळ: काट. बाबागाडीची चाकं फिनेलने पुसणं: काट. इंदूर २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात वर्षानुवर्षं पहिलं येत राहिलं, त्याचा आम्हाला कोण अभिमान, पण सर्दीचा विषाणू रस्ता झाडलाय की नाही ते बघत नाही. आपण हात धुतले, बाळाचं बाहेरचं दुपटं बदललं, पुरे.

यादीत आईचं नावही हवं. धुऊन धुऊन हात फाटलेत, ठरलेलं बाहेर जाणं दर वेळी रद्द होतंय, बाळ झोपलेलं असतानाही त्याला काहीतरी चिकटलंय हा विचार सुटत नाही, असं चाललं असेल तर ‘आई झालीस, काळजी वाटणारच’ या बोलण्यावर थांबू नये. बाळंतपणानंतर असं होतं आणि त्याला उपचार आहेत. आपल्या डॉक्टरांना सांगावं, नाहीतर १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या, सरकारी नंबरावर बोलावं. तो फुकट आहे.

थर्मामीटर घरी असू दे, पण चालतोय ना ते निघण्याआधीच बघून ठेवायचं. ३ महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप म्हणजे रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टर गाठायचे, घरचं औषध देऊन सकाळची वाट बघायची नाही. काखेतला आकडा थोडा कमी येतो, तेव्हा ९९.५ च्या पुढे गेला तरी फोन करायचा. दूध ओढत नाही, श्वास भरभर चालतोय, हाक मारूनही मलूल, तर आकड्याची वाट न बघता निघायचं.

आणि वापरलेले डायपर कागदात गुंडाळून निराळे ठेवायचे. सकाळच्या कचरागाडीत त्यांचा कप्पा वेगळा असतो.