उच्च न्यायालयाने दुसरे अपील दाखल करून घेतले की फेटाळले, हे कसे पाहावे

जमिनीच्या वाटपाचा दावा जिल्हा न्यायालयातील अपिलात आपल्या बाजूने लागला, सामनेवाले मुंबई उच्च न्यायालयात गेले असे कानावर आले, आणि त्यानंतर कित्येक महिने काहीच कळले नाही, अशी अनेक कुटुंबांची स्थिती असते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 100 नुसार दुसऱ्या अपिलात, म्हणजे पहिल्या अपिलातील निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात केलेल्या अपिलात, ‘सब्स्टॅन्शियल क्वेश्चन ऑफ लॉ’, म्हणजे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न, उपस्थित होत असेल तरच ते दाखल करून घेतले जाते; तसा प्रश्न नसल्यास ते सुरुवातीलाच, कधी कधी उत्तरवादींना नोटीस निघण्याआधीच, फेटाळले जाते. त्यामुळे नोटीस आली नाही, यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये.

प्रथम खंडपीठ नक्की करावे. विदर्भाची अपिले नागपूरला. मराठवाड्यासह अहिल्यानगर, जळगाव, धुळे आणि नंदुरबारची छत्रपती संभाजीनगरला. गोव्याची पर्वरीला चालतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांसाठी 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाले आहे, म्हणून तेथील जुन्या अपिलाचा शोध मुंबई आणि कोल्हापूर अशा दोन्ही ठिकाणी घ्यावा.

उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावरील ‘केस स्टेटस’मध्ये सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकल्यास प्रकरण थेट उघडते. तो नसेल तर पक्षकाराच्या नावाने शोधावे; मात्र ज्ञानेश्वर हे एकच नाव इंग्रजीत कोणी ‘डी’ने, कोणी ‘जी’ने लिहितो, म्हणून आधी केवळ आडनाव टाकून पाहणे बरे. अपिलाला सुरुवातीला फक्त स्टॅम्प नंबर, म्हणजे तात्पुरता क्रमांक, मिळतो, आणि कार्यालयीन हरकती (न्यायालयाच्या कार्यालयाने दाखवलेल्या त्रुटी) दूर झाल्यावर नोंदणी क्रमांक पडतो. नोंदणी क्रमांक सापडला नाही म्हणजे अपीलच नाही, असे समजू नये.

खरी काळजी यापुढे घ्यावी लागते. पडद्यावर ‘डिस्पोज्ड’ दिसले की लोक निश्चिंत होतात, पण त्या शब्दाचा अर्थ प्रकरण निकाली निघाले एवढाच आहे; कसे निघाले, ते आदेशाची पीडीएफ उघडून शेवटचा परिच्छेद वाचल्यावरच कळते. कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न नाही म्हणून अपील फेटाळले असेल, तर न्यायालयाने विचार करून नकार दिला आहे. विलंबमाफीचा अर्ज नामंजूर झाला असेल, तर अपील मुदतीच्या प्रश्नावरच संपले आहे. ‘अमुक आठवड्यांत हरकती दूर न केल्यास अपील आपोआप फेटाळले जाईल’ असा सशर्त आदेश असेल किंवा वकील गैरहजर म्हणून ते काढून टाकले असेल, तर अपीलदार ते पुन्हा फायलीवर घेण्याची विनंती करू शकतो. अशा वेळी त्याच अपिलात नवा अर्ज आला आहे का, हे अधूनमधून पाहत राहावे.

‘अ‍ॅडमिट’ हा शब्द, म्हणजे अपील दाखल करून घेतल्याची नोंद, दिसला तरी घाबरून जाऊ नये. आदेश 41, नियम 5 प्रमाणे नुसते अपील दाखल झाल्याने हुकूमनाम्याला स्थगिती मिळत नाही. स्थगितीचा आदेश स्वतंत्रपणे झाला आहे का ते तपासावे, आणि झाला नसेल तर आपली दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) पुढे चालवण्याबाबत वकिलांशी बोलावे.

अपील फेटाळलेले आढळल्यास आदेशाच्या प्रमाणित प्रतीसाठी लगेच अर्ज करावा. सामनेवाल्यांना सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिकेसाठी सर्वसाधारणपणे 90 दिवस असतात, आणि विलंब माफही होऊ शकतो; म्हणून तेथे कॅव्हेट, म्हणजे आपले म्हणणे ऐकल्याशिवाय आदेश करू नये असा अर्ज, दाखल करावे व त्याची 90 दिवसांची मुदत संपण्यापूर्वी ते पुन्हा दाखल करायचे का, हे ठरवावे.