तीळ-मस काढून टाकायचाय? जाळण्याआधी या चुका टाळा

घरात लग्नाची बोलणी सुरू झाली की मुलीच्या चेहऱ्यावरचा तीळ सगळ्यांना एकदम दिसायला लागतो. इतकी वर्षं हनुवटीवर होता तेव्हा कुणाचं काही म्हणणं नव्हतं, आणि आता आत्या म्हणते काढून टाक, काकू म्हणते आमच्या ओळखीची पार्लरवाली आहे, पाच मिनिटांत करून देते. इंदूरमध्ये रामबाग घ्या, लोकमान्य नगर घ्या नाहीतर सुदामा नगर, आपल्या मराठी घरांमधलं हे बोलणं थोड्याफार फरकानं सारखंच असतं. तीळ काढायला माझा अजिबात विरोध नाही. नको वाटतो तर काढा, पण तो नक्की काय आहे हे कुणीतरी जाणकारानं बघायच्या आधी तो जाळू नका, बाकी सगळ्या चुका या एका चुकीतूनच निघतात.

कारण चेहऱ्या-मानेवरची काळी गोष्ट म्हणजे तीळच असं नसतं. तीळ आणि फुगीर मस म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशी एका जागी गोळा झालेल्या, मोठ्या माणसाच्या अंगावर असे १० ते ४० असणं अगदी नॉर्मल आहे. मानेवर, काखेत लोंबणारं मऊ बारीक ते स्किन टॅग, वजन वाढलं किंवा शुगर असली की ते जास्त दिसतात. खरखरीत डोक्याची चामखीळ व्हायरसनं होते, म्हणून ती पसरते, एकाची दुसऱ्यालाही लागते. आणि गालांवर, डोळ्यांखाली वय वाढेल तसे बारीक काळे दाणे येतात, बऱ्याचदा आईला असतात आणि मग लेकीलाही येतात, ते तीळही नाहीत आणि चामखीळही नाही. प्रत्येकाचा इलाज वेगळा. चामखिळीचं सॅलिसिलिक अॅसिडचं औषध केमिस्टकडून आणून कुणी गालावरच्या मसावर लावलं, तर मस तिथेच राहतो आणि आजूबाजूची कातडी भाजते.

घरगुती उपायांबद्दल मला जरा जास्तच बोलायचंय, कारण ते आपल्याच माणसांकडून येतात आणि मायेनं येतात. चुना आणि पापडखार कालवून लावायचा, हा आपल्याकडचा जुना उपाय. दोन्ही अल्कली म्हणजे तिखट क्षार, आणि अल्कलीनं भाजलेलं वरवर थांबत नाही, आत आत जातं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी खपली दिसते आणि महिनाभरानं कळतं की तिथे खड्डा झालाय. लसूण ठेचून रात्रभर बांधणं, व्हिनेगरचा कापूस ठेवणं, यानंही कातडी भाजतेच. दोरा किंवा घोड्याचा केस बांधला की बारीक देठाची चामखीळ कधी कधी गळून पडते खरी, आणि तिथूनच लोकांचा विश्वास पक्का होतो, पण तेच बसक्या मसावर केलं की सूज आणि पू. ऑनलाइन मिळणारी तिल-मस्से हटवायची क्रीमं आणि पेनंही नकोत, अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी खात्यानं, २०२२ मध्ये असली उत्पादनं विकणाऱ्या कंपन्यांना वॉर्निंग लेटर पाठवली होती, कारण तीळ किंवा स्किन टॅग स्वतः काढायचं एकही औषध त्यांनी मंजूरच केलेलं नाही.

आता दाखवायचा कुठला? एका अर्ध्यापेक्षा दुसरा अर्धा वेगळा दिसतोय, कडा वेड्यावाकड्या आहेत, एकाच तिळात दोन-तीन रंग आहेत, पेन्सिलच्या मागच्या रबरापेक्षा म्हणजे साधारण ६ मिलिमीटरपेक्षा मोठा आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो बदलतोय. वाढतोय, खाजतोय, उगाच रक्त येतंय. यातलं काहीही असलं तरी लगेच कॅन्सर असं नाही, पण थांबू नका. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीत मेलॅनोमा, म्हणजे तिळाच्या पेशींचा कॅन्सर, कमी होतो हे खरं, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली, आणि तिथे आपण बघतच नाही. आजोबांच्या टाचेवर काळा डाग आला तर चप्पल चावली असेल म्हणून महिनोन्महिने सोडून देतात. एखाद्याच नखात काळी उभी रेघ रुंद होत चालली किंवा रंग नखाच्या बाजूच्या कातडीवर उतरला, तर तेही दाखवा. मसावर केस आहे म्हणून घाबरू नका, तो केस कात्रीनं कापला तर चालतो, उपटला तर मात्र सूज येते.

दाखवायचं कुणाला, तर डिग्री बघून. एमडी स्किन किंवा डीडीव्हीएल (त्वचारोगाचा डिप्लोमा) असलेले डॉक्टर, नाहीतर इंदूरच्या सरकारी एमवाय हॉस्पिटलच्या स्किन ओपीडीत पर्ची काढून जा. डॉक्टर लाइटवाली भिंगाची छोटी मशीन तिळावर टेकवून बघतात, त्याला डर्मोस्कोप म्हणतात, दोन मिनिटांचं काम आणि अजिबात दुखत नाही.

काढायच्या पद्धती बघा. फुगीर मस पात्यानं कातडीच्या लेव्हलला कापतात किंवा आरएफच्या, म्हणजे रेडिओफ्रिक्वेन्सी करंटच्या, बारीक तारेनं, टाके लागत नाहीत, पण मूळ थोडं राहू शकतं. शंका असलेला तीळ आजूबाजूच्या थोड्या कातडीसकट मुळापासून काढून टाके घालतात. चामखीळ द्रव नायट्रोजननं गोठवतात, तो उणे १९६ डिग्रीचा असतो. लेझर आहेच. सुई टोचते तेवढंच दुखतं, मग जागा बधिर, आरएफ असेल तर जळक्या केसासारखा वास येतो, त्यानं घाबरू नका. रक्त पातळ करायच्या गोळ्या, शुगर, पेसमेकर, आणि आधीच्या जखमेचा वण कधी फुगला होता का, हे सगळं आधीच सांगून टाका.

लेझर आणि जाळण्याच्या पद्धतीत एक गोष्ट कुणी सांगत नाही. जळून गेलं की तपासायला काही उरतच नाही. म्हणून थोडी जरी शंका असेल तर कापूनच काढायचा आणि तुकडा बायोप्सीला द्यायचा. तुकडा टिकवणाऱ्या फॉर्मॅलिन द्रवाची छोटी डबी नाव लिहून बरेचदा घरच्यांच्याच हातात देतात, लॅबमध्ये नेऊन द्या म्हणून, आणि ती डबी पर्समध्ये राहून जाते, किंवा काका म्हणतात निघून गेला ना, आता कशाला खर्च. असं करू नका हो, त्या डबीतच तर उत्तर आहे! आणि सुरी लागली की कॅन्सर पसरतो ही भीती मनातून काढून टाका, तसं होत नाही, उलट उशीर केल्यानं पसरतो.

वेळ चुकवणं हीपण मोठी चूक आहे. लग्नाच्या आठ दिवस आधी काढू नका, चेहऱ्याची जखम एक-दोन आठवड्यांत भरते पण लाली आणि डाग कित्येक महिने राहू शकतात, मेकअपखालीही दिसतात. रंगपंचमीच्या तोंडावर तर नकोच, राजवाड्याच्या गेरमध्ये, म्हणजे इंदूरच्या रंगपंचमीच्या मिरवणुकीत, तोफांनी उडवलेला रंग ओल्या जखमेत गेला तर काय होईल ते सांगायला नको. खपली नखानं काढायची नाही, हळद-टूथपेस्ट लावायची नाही, डॉक्टरांनी दिलेलं मलम किंवा साधं पेट्रोलियम जेली लावून जखम ओलसर ठेवायची. चेहऱ्याचे टाके ५ ते ७ दिवसांत निघतात, पाठीचे-पायाचे १० ते १४. जखम भरली की रोज सनस्क्रीन, एसपीएफ ३० तरी, नाहीतर आपल्या कातडीवर तिथेच काळा डाग बसतो. तो घालवायला मैत्रिणीनं सांगितलेलं गोरं करणारं क्रीम लावू नका, त्यात बरेचदा स्टेरॉइड असतं आणि कातडी पातळ होऊन बसते.

छातीवर, खांद्यावर किंवा कानाच्या पाळीवर वण फुगून कडक होत चालला तर तो केलॉइड, त्याला सिलिकॉन जेल आणि इंजेक्शनं आहेत, जितक्या लवकर जाल तितकं सोपं. लाली पसरतेय, पू आहे, ताप आहे, तर त्याच दिवशी जा. आणि काढलेल्या जागी परत काळं दिसलं तर बहुतेक वेळा राहिलेल्या पेशींचा रंग असतो, पण ते मनानंच ठरवू नका, बायोप्सीचा जुना रिपोर्ट आणि तीळ होता तेव्हाचा जवळून काढलेला फोटो घेऊन डॉक्टरांकडे जा, म्हणजे त्यांना शेजारी ठेवून बघता येतं. तो फोटो मात्र काढायच्या आधीच घेऊन ठेवायला हवा, उजेडात, शेजारी पट्टी धरून.