मोरी, बादली, मग: शी-शू, आंघोळ, दात घासण्याची रंगवायची चित्रं स्वतः कशी काढायची

मुलांच्या रोजच्या सवयींची रंगवायची चित्रं नेटवर शोधली की ढीगभर मिळतात आणि फुकट मिळतात, पण बहुतेक चित्रांत फेसाने भरलेला टब, त्यात रबरी बदक, भिंतीला टॉयलेट पेपरचा रोल आणि एक गुबगुबीत मुलगा हसत हसत ब्रश करतोय. आमच्या बालवाडीत असंच एक पान वाटलं होतं तर एका पोराने विचारलं, "बाई, हा म्हशीच्या डोणीत कशाला बसलाय?" त्याचं काय चुकलं, त्याच्या घरी मोरी आहे, प्लास्टिकची बादली आहे, आणि आंघोळ चुलीवर तापवलेल्या पाण्याने होते. रंगवताना मूल एकेका वस्तूवर रेंगाळतं, हे काय आहे, इथे कुठला रंग, माझा मग तर निळा आहे, असं स्वतःशी बोलत बसतं, आणि ही चित्रं उपयोगी पडतात ती त्यामुळेच. पण मग वस्तू त्याच्या घरातल्या हव्यात ना! म्हणून माझं सरळ म्हणणं आहे की डाउनलोड करू नका, काढा. चित्रकला येत नसली तरी चालतं, मलाही फारशी येत नाही.

आधी नुसतं बघायचं. घरच्यासाठी करत असाल तर मोरीत जाऊन उभं राहा आणि मूल काय काय हाताळतं ते बघा: बादली, मग, पाटला किंवा स्टूल, साबणाची डबी, गीझर नाहीतर बंब, अडकवलेला टॉवेल. वर्गासाठी करत असाल तर पालकांना एकच विचारायचं, संडास कसा आहे? भारतीय, कमोड, की चाळीतला वस्तीतला कॉमन? या तिन्हींची वेगळी पानं लागतात. कॉमन संडासाचं पान तर कुठेच मिळत नाही, आणि शहरातल्या किती पोरांची सकाळ तिथेच सुरू होते! त्यात डबा घेऊन निघालेलं पोर, रांग, बाहेर थांबलेली मोठी बहीण, आतून लावलेली कडी, एवढं आलं पाहिजे. आणि हो, सगळीकडे पाण्याने धुणं दाखवा, टमरेल किंवा जेट स्प्रे, जे असेल ते.

आता प्रत्यक्ष काढणं. ए-फोर कागद, जाड काळा मार्कर, एका पानावर एकच क्रिया. रेष चांगली तीन-चार मिलिमीटर जाड ठेवा, म्हणजे कमी दिसणाऱ्या मुलांना पण कळते आणि हात थरथरणाऱ्यांचा रंग बाहेर गेला तरी चित्र मोडत नाही. मागे टाइल्स, आरसा, खिडकीतलं झाड, काही नको. आपल्याला ते सुंदर वाटतं पण ज्याचं लक्ष पटकन भरकटतं ते मूल टाइल्स मोजत बसतं आणि मुख्य चित्र राहून जातं. आपलं मूळ चित्र जपून ठेवायचं आणि झेरॉक्सवर रंगवायचं. पण साधा झेरॉक्सचा कागद वॉटरकलरला टिकत नाही, चुरगळतो, तेव्हा तेलखडू किंवा मेणखडूच द्या.

बारीकसारीक गोष्टी मात्र बरोबर काढा कारण मुलं तेच उचलतात. ब्रशवर पेस्टची लांबलचक लाट जाहिरातीत असते, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते आणि त्याहून लहानाला तांदळाच्या दाण्याएवढी. तर ब्रशवर एक छोटा गोळा काढा, बस. हात धुण्याच्या पानासाठी मुलाचाच पंजा कागदावर ठेवून गिरवून घ्या आणि अंगठा, बोटांची टोकं, बोटांमधल्या बेचक्या वेगळ्या रंगाने भरायला सांगा, कारण नेमकं तेवढंच धुवायचं राहतं. साबण लावून वीस सेकंद चोळायचं असतं हे सांगायला पण तिथेच बरं पडतं. 15 ऑक्टोबरला शाळाशाळांत हात धुवा दिवस असतो तेव्हा छापील पोस्टर येतात, पण स्वतःच्या पंजाला जी मजा आहे ती त्यात नाही.

क्रमाची पट्टी, म्हणजे एका कामाच्या पायऱ्या ओळीने एकेका चौकोनात काढलेल्या, हे या सगळ्यातलं खरं काम, म्हणून जरा सविस्तर सांगते. भारतीय संडासाची पट्टी अशी होते: चड्डी खाली, दोन पाय दोन पायऱ्यांवर ठेवून बसणं, शी, धुणं, चड्डी वर, पाणी टाकणं, साबणाने हात. सात चौकोन. तीन-चार वर्षांच्या पोराला सात एकदम जड जातात, तेव्हा आधी तीनच द्या आणि मग मधली घाला. पट्टी आडवी काढायची की उभी यात काही बिघडत नाही, पण प्रत्येक चौकोनात तेच मूल, तेच कपडे हवेत, नाहीतर काही मुलांना वाटतं की ही सात वेगळी पोरं आहेत.

ज्या मुलांना अजून सगळं स्वतःला जमत नाही, वय लहान म्हणून म्हणा किंवा सेरेब्रल पाल्सी, डाऊन सिंड्रोम, ऑटिझम आहे म्हणून म्हणा, त्यांच्यासाठी ऑक्युपेशनल थेरपिस्ट लोक (रोजची कामं स्वतः करायला शिकवणारे तज्ज्ञ) एक पद्धत वापरतात, शेवटची पायरी आधी शिकवायची. म्हणजे चड्डी आपण गुडघ्यावरून कमरेपर्यंत आणून द्यायची आणि शेवटचा झटका त्याने मारायचा. काम त्याच्या हातून पूर्ण होतं ना, मग पुढच्या वेळी तो स्वतः हात पुढे करतो. हेच रंगवण्यात आणायचं. पट्टीतले जे चौकोन आपण करून देतो ते आपणच आधी फिक्या पेन्सिलने भरून ठेवायचे आणि जे मूल स्वतः करतं तो एकच चौकोन कोरा ठेवायचा, तो त्याने हवा तसा भडक भरायचा. पुढची पायरी जमायला लागली की नव्या झेरॉक्सवर दोन कोरे ठेवायचे. आमच्याकडच्या एका मुलीच्या पट्टीत बरेच दिवस फक्त 'पाणी टाकणं' रंगीत होतं, मग त्यांच्या हिरव्या मगाला रोज नवा नवा हिरवा लागायचा, आणि आई म्हणाली की घरी आता मगाला दुसऱ्या कुणी हात लावला तर ती ओरडते. पट्टी बघून आईलाही कळतं की आपण नक्की कुठपर्यंत मदत करायची आणि कुठे हात मागे घ्यायचा, आणि खरं सांगू का, पोरापेक्षा आपल्यालाच ते शिकायला वेळ लागतो.

चित्रात कोण असावं? सगळे. वर्गात व्हीलचेअरवालं मूल नसलं तरी काढा. पण नुसती खुर्ची काढून ठेवली असं नको, तिच्यासकट आंघोळ कशी होते ते दाखवा, भोक असलेली प्लास्टिकची कमोड खुर्ची, भिंतीला धरायचा दांडा, बाहेरच्या बाजूला उघडणारं दार. ज्याला ऐकायचं मशीन आहे ते मूल आंघोळीआधी मशीन काढून डबीत ठेवतं, कारण पाणी चालत नाही, तर तो पण एक चौकोन. चष्मेवाल्यांचंही तेच. एका हाताने दात घासणारं मूल पेस्टची ट्यूब काखेत धरून झाकण काढतं, काहीजण दातांत धरतात, ज्याचं जसं असेल तसं काढा. डायपर लागणारं पाच-सहा वर्षांचं मूलही असतं आणि डायपर बदलताना ते स्वतः पाय उचलून मदत करतं, हेही काढण्यासारखं आहे. केसांचं बघा: तेल लावून दोन वेण्या, बॉयकट केलेली मुलगी, नांदेडकडच्या वर्गात पटका बांधणारा सरदार मुलगा, हिजाब घालायच्या आधी केस विंचरणारी मुलगी, जावळ काढलेलं बाळ, औषधांमुळे केस गेलेलं मूल. आणि आंघोळ घालणारी प्रत्येक वेळी आईच कशाला, बाबा, आजोबा, दादा पण घालतात की.

रंगाचा एक प्रश्न हमखास येतो. पोरं म्हणतात "बाई, स्किन कलर द्या" आणि खोक्यातून गुलाबीसर पिवळट खडू उचलतात जो वर्गात कुणाच्याच अंगाचा नसतो. अमेरिकेत क्रेयोला कंपनीने 'फ्लेश' नावाचा असा खडू 1962 मध्ये 'पीच' केला आणि 2020 मध्ये तर अंगाच्या वेगवेगळ्या रंगछटांचा 24 खडूंचा वेगळा सेटच काढला. आपल्याला तो सेट आणायची गरज नाही. तपकिरी हलका फिरवा, त्यावर केशरी किंवा पिवळा, काळपट हवा तर तपकिरी दाबून आणि वर किंचित काळा. आधी स्वतःच्या मनगटाशेजारी कागद ठेवून रंग जुळवायचा, मग चित्र रंगवायचं. मुलं यात इतकी रंगतात की कधीकधी संडासाची पट्टी बाजूलाच राहते. राहू दे.

गरम आणि थंड नळ नुसत्या लाल-हिरव्या फरकावर सोडू नका, काही मुलांना, विशेषतः मुलग्यांना, लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही. गरम नळावर वाफेच्या तीन रेषा काढा.

ज्यांना खडू नीट धरता येत नाही त्यांना खडूचा छोटा तुकडा द्या. उलटं वाटतं, पण तुकडा मुठीत धरताच येत नाही, आपोआप बोटांत येतो. ज्यांची बोटं मिटतच नाहीत त्यांच्यासाठी खडूभोवती स्पंज गुंडाळून रबरबँड लावा. कागद चारी कोपऱ्यांना टेपने टेबलाला चिकटवा, किंवा जाड बॉक्स फाइल तिरकी ठेवून तिच्यावर चिकटवा, मान आणि मनगट दोन्हींना सोपं जातं. अजिबात न दिसणाऱ्या मुलासाठी रेषांवर फेविकॉलने सुतळी चिकटवून रात्रभर सुकू द्या, मगाच्या आत सॅंडपेपरचा तुकडा, टॉवेलवर टॉवेलचंच कापड. त्याला रंग भरायला नको असेल तर चिकटवू दे, ही पण अ‍ॅक्टिव्हिटीच झाली. काही मुलांना मेणखडूचा चिकटपणा किंवा वास सहन होत नाही, त्यांना पेन्सिल कलर.

फ्लशचा आवाज, डोक्यावरून पाणी, नखं कापणं, या तीन गोष्टींना घाबरणारी मुलं भरपूर असतात. त्यांच्या चित्रात भीती लपवू नका. कानावर हात ठेवलेलं मूल काढा, डोळ्यांवर घडी केलेला नॅपकिन धरून डोकं धुणारं मूल काढा, नखांच्या पानावर दहा बोटं काढून जेवढी कापून झाली तेवढीच रंगवायची, आज दोन झाली तर दोन. आणि तो जुना प्रकार, डावीकडे घाणेरडा मुलगा उजवीकडे शहाणा मुलगा, तो मात्र कृपया कायमचा बंद करा. पाच वर्षांच्या आत रात्री अंथरूण ओलं होणं अगदी कॉमन आहे आणि ते मूल डावीकडच्या पोरात स्वतःलाच बघतं.

अंग झाकून काढा. आंघोळीच्या चित्रात चड्डी घातलेली किंवा समोर बादली, संडासाचं दार लोटलेलं. मदत करणारा मोठा माणूस आधी विचारतोय आणि मूल मान हलवतंय असा चौकोन टाकला की नको त्या स्पर्शाबद्दल बोलायला जागा मिळते, आपली शी-शूची जागा कुणी धुवायची, कुणी नाही. मोठ्या मुलांच्या पानाच्या तळाशी 1098 हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर मोठ्या पोकळ आकड्यांत काढा, रंगवता रंगवता पाठ होतो. चित्र काढण्यासाठी मुलाचा मोरीतला फोटो मात्र काढायचा नाही, आणि नाव लिहिलेली संडासाची पट्टी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची नाही, कितीही गोड दिसत असली तरी.

रंगवून झालेली पट्टी मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा, आपल्या नाही. स्केचपेन ओलाव्याने पसरतं, मेणखडू टिकतो. लॅमिनेशन परवडत नसेल तर दोन्ही बाजूंनी रुंद पारदर्शक सेलोटेप लावा, कडा जरा बाहेर ठेवून, म्हणजे पाणी आत शिरत नाही. आणि मोरीच्या अगदी आत नको, दाराच्या बाहेरच्या बाजूला लावली तर वर्षभर जाते.