आतड्याचा भाग काढल्यानंतर खाण्यापिण्यातल्या या चुका टाळा

लहान आतड्याचा बराचसा भाग काढलेल्या रुग्णांचा आहार ठरवताना मी पहिला प्रश्न विचारते तो पाण्याचा. "दिवसाला चार लिटर," असे उत्तर अभिमानाने आले की पुढचे सारे कळते.

रक्तवाहिनीत गुठळी झाल्यामुळे जेमतेम दीड मीटर आतडे उरलेले आणि पोटावर (आतड्यातला मळ आणि पाणी जमा होणारी) पिशवी असलेले एक काका माझ्याकडे आले, तेव्हा त्यांची पिशवी दिवसातून नऊ वेळा रिकामी करावी लागत होती. जीभ कोरडी, लघवी कमी, म्हणून मुलगा प्रेमाने आणखी पाणी आणि शहाळी पाजत होता. जितके पाजावे तितके पिशवीत जास्त येत होते. उरलेला वरचा भाग, म्हणजे जेजुनम, सच्छिद्र असतो. त्यात साधे पाणी गेले की शरीरातले सोडियम त्या पाण्यात उतरते आणि त्याच्यामागे आणखी पाणी जाते. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असले तरी सोडियम फारच थोडे असते. अशा रुग्णांना मी साधे पाणी, चहा, सरबत मिळून दिवसाला अर्धा लिटर ठरवून देते आणि बाकी तहान ओआरएसवर भागवायला सांगते. नेहमीच्या ओआरएसमध्ये लिटरला ७५ मिलिमोल सोडियम असते. पिशवीवाल्यांना किमान ९० लागते, म्हणून डॉक्टरांच्या संमतीने लिटरमागे पाव चमचा मीठ वाढवते. खारट लागते म्हणून त्यात दुप्पट पाणी ओतणाऱ्यांशी वाद घालून मी थकले आहे. गार करून घोटाघोटाने घ्या, पण पातळ करू नका. काकांची पिशवी आठवड्याभरात पाच वेळांवर आली.

दुसरी चूक उशिरा उघडी पडते. बी१२ जीवनसत्त्व शोषले जाते ते इलियमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या खालच्या भागाच्या, शेवटच्या टोकाला, आणि आपल्याकडे आतड्याच्या क्षयात बहुतेकदा तोच भाग काढावा लागतो. साठ सेंटिमीटरहून अधिक गेला असेल, तर बहुधा जन्मभर इंजेक्शन लागते. यकृतातला साठा दोन-तीन वर्षे पुरतो, त्यामुळे "मला काहीच होत नाही" म्हणत रुग्ण इंजेक्शन सोडतो आणि पुढे तळपायांना मुंग्या येऊ लागतात. शाकाहारी माणसाचा साठा मुळातच तोकडा. नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांनी रक्त सुधारलेले दिसते, नसा मात्र बिघडत राहतात.

मोठे आतडे जोडलेले असेल, तर पालक आणि शेंगदाणे बेताने खा; त्यांत ऑक्झलेट नावाचा क्षार भरपूर असतो. एरवी ऑक्झलेटला बांधणाऱ्या कॅल्शियमला न पचलेली चरबी धरून ठेवते, मोकळे राहिलेले ऑक्झलेट रक्तात जाते आणि मुतखडा होतो. लोपेरामाइड, म्हणजे आतड्याची हालचाल मंद करणारे जुलाबाचे औषध, जेवणानंतर नव्हे, अर्धा तास आधी घ्यावे.

आणि पिशवीत अख्खी गोळी दिसली, तर ती लपवू नका. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या अशा आतड्यात अनेकदा तशाच बाहेर पडतात. डॉक्टरांना दाखवून पातळ औषध किंवा साधी गोळी मागून घ्या.